जावईबापू, आपली राखण कच्ची आहे!

रागीट माणसं मी जन्मभर पाहत आले. आमचे सासरे भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात भिरकावत. चाळीतली एक बाई नळावर भांडताना भरलेली घागर तिथेच विसरून घरी जाई. पण ते सगळे राग दुधासारखे. उतू गेले, फुंकर मारली, बसले खाली. माझ्या व्याह्यांचा राग तसला नाही. त्यांचा राग हा नेमधर्म आहे. रोज संध्याकाळी हेंद्रेपाड्यातल्या घरी ते तोंड धुतात, डोक्याला तेल चोपडतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि पूल ओलांडून शांतपणे कुळगावच्या मैदानावर रागवायला येतात. अख्ख्या बदलापुरात, अंबरनाथ आणि उल्हासनगर धरून, एका बास्केटबॉल संघाच्या डिफेन्सपायी इतकं रक्त आटवणारा दुसरा माणूस कुणी मला आणून दाखवावा, मी त्याला शाल-नारळ देईन. आता यातली माझी पंचाईत अशी, की त्या संघाचा कोच म्हणजे आमचा मंगेश. माझा मुलगा. त्यांचा जावई.

या गृहस्थांची आणि माझी पहिली गाठ पडली तीच मुळी या डिफेन्सवरून. मंगेशसाठी मुलगी बघायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली. मुलीची आई लवकर गेलेली, त्यामुळे बोलायला हे एकटेच. त्यांनी मंगेशकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे तुमचा. पण डिफेन्स कच्चा आहे." आता आमच्या पट्ट्यात डिफेन्स म्हटलं की माणसाला सरकारी कारखाना आठवतो. 'मुलगा डिफेन्सला आहे' एवढं ऐकलं की मुलीचे बाप पुढचं काही विचारत नसत. मला वाटलं, हे नोकरीबद्दल बोलतायत. मी पदर सावरून म्हटलं, "अहो, डिफेन्सला नसला तरी मोरिवलीच्या कंपनीत पर्मनंट आहे. बोनस मिळतो." तर म्हणतात, "बोनस घेऊन काय करायचंय? मागून परका माणूस आत शिरतो आणि हा नुसता बघत उभा राहतो!" मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, काय ऐकून आलेत हे, कुठली भानगड? शेवटी दाराआडून मुलगीच हसत हसत म्हणाली, "बाबा बास्केटबॉलचं बोलतायत हो, आई. मैदानावर रोज खेळ बघतात ते." लग्नाआधीच मला आई म्हणाली, तिथेच मी ती मुलगी पसंत केली. बापाला मात्र मी आजतागायत पसंत केलेलं नाही असं मी सगळ्यांना सांगते.

मूळचे ते बारवीकडच्या एका पाड्यावरचे. लहानपणी भातशेतीच्या राखणीला माळ्यावर बसायचे. खाली चार खांब, वर पेंढा, हातात पत्र्याचा डबा, आणि रानडुक्कर बांधाशी आलं की बोंब मारायची. पुढे मोरिवलीला कारखान्यात लागले, तिथल्या साहेबानं कामगारांसाठी बास्केटबॉलचं मैदान करून दिलं, आणि या काटकुळ्या पोरानं पहिल्या दिवशी खेळ पाहून सांगितलं म्हणे की यात चेंडू टाकणं हे बायकांच्या सडा-रांगोळीसारखं आहे, असलं तर बरं, खरं काम राखणीचं. तेव्हापासून डिफेन्सला त्यांचा शब्द 'राखण'. कारखान्याच्या संघात ते वर्षानुवर्षं खेळले आणि जन्मात एकदाही बास्केट केली नाही. हे ते लाजून सांगत नाहीत, छाती पुढे काढून सांगतात. एकदा म्हणे टोपलीखाली एकटेच सापडले, हातात चेंडू, समोर चिटपाखरू नाही. सगळे ओरडतायत टाक, टाक! यांनी चेंडू दुसऱ्याला दिला आणि मागे पळाले. का, तर "मी टाकत बसलो असतो तर मागं कोण होतं?" अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा?

तर राग. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यातली सगळ्यात वरची पायरी यांची. तिथे बसले की माळ्यावर बसलेच समजा. पोरांना ते सरळ आपल्या भाषेत हाणतात. "आरं ए लांबट्या, हात वर कर, का खिशात घालून आलायस?" "मागं बघ, मागं! शिरला बघ तुझ्या शेतात!" पण कोचची गोष्ट वेगळी. कोच पडला जावई, आणि आमच्याकडे जावयाला अरे-तुरे करायची रीत नाही. जावयाचे पाय धुवायचे, त्याला पाट द्यायचा, वाकून बोलायचं. राग तर आवरत नाही आणि रीत तर मोडायची नाही. मग काय होतं, की वरच्या पायरीवरून मैदानभर ऐकू येतं, "जावईबापू, आपण गाढव आहात!" "जावईबापू, आपली अक्कल आपण कंपनीत विसरून आलात का?" आणि अगदी दुखलं की, "जावईबापू, आपली राखण कच्ची आहे हो, कच्ची!" एकदा तर मी डोळ्यांनी पाहिलं, समोरच्या संघानं लागोपाठ बास्केटा केल्या तसे हे उठले, चपला काढल्या, आणि हात जोडून म्हणाले, "आपल्या चरणी डोकं ठेवतो, पण आता या लांबट्याला बाहेर काढण्याची कृपा करावी." लोकांना काय, फुकटचा तमाशा. हळूहळू सगळ्या पायऱ्याच मंगेशला जावईबापू म्हणायला लागल्या. मग पंच म्हणायला लागले. अंबरनाथचा संघ आला की त्यांची पोरंही म्हणायची, "काय जावईबापू, आज काय बेत?" भाजीवाली मला म्हणाली, "मावशी, जावईबापूंची आई ना तुम्ही?" आता सांगा, मी पोटच्या मुलाची आई की गावाच्या जावयाची?

मी चिडायचे. चिडायचे म्हणजे काय, तोंडावर बोलायचे. "व्याही, घरी तुम्ही त्याला पहिला वाढता, मोठा तुकडा वाढता, आणि चारचौघांत गाढव म्हणता, ही कुठली तऱ्हा?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, पाटावर बसले की ते जावई. शिट्टी गळ्यात घातली की कोच. पाटावर बसून त्यांनी झोन लावला असता तर मी एक शब्द बोललो नसतो."

हा झोन म्हणजेच सगळ्या भांडणाचं मूळ, म्हणून सांगून टाकते. मला स्वतःला हे सगळं त्या पायरीवर बसून बसून कळलं, शाळेत कुणी शिकवलेलं नाही. झोन म्हणजे पाच जणांनी मैदानाचे तुकडे वाटून घ्यायचे आणि ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर लक्ष ठेवायचं. दुसरी रीत म्हणजे माणूस धरायचा. एकाला एक. तो पाणी प्यायला गेला तरी आपण मागे. मंगेशचं म्हणणं, आपली पोरं दिवसभर कामं करून येतात, पळून दमतात, झोनच बरा. व्याह्यांचं म्हणणं, "डुकराला कुठं ठाऊक असतं तुझा तुकडा कुठला न् माझा कुठला? ते दोघांच्या मधून जातं आणि तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघता!" आणि खरं सांगायचं तर तसंच व्हायचं. चेंडू दोघांच्या मधून जायचा आणि आमची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

यात तेल ओतायला आणखी एकजण असायचे. उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेले एक सिंधी गृहस्थ, राहायला आता बदलापुरात, सगळे त्यांना साईं म्हणत. शर्ट पांढरा शुभ्र, आवाज गोड, आणि डिफेन्स या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही. व्याह्यांच्या शेजारीच बसायचे, कारण भांडायला जवळ बरं.

"देखो भाऊ," साईं म्हणायचे, "पॉइंट बनाओ, पॉइंट. त्यांनी साठ केले, तुम्ही सत्तर करा. मामला खतम. धंदा माल विकून चालतो, चौकीदारीनं नाही."

"आणि गल्ला उघडा टाकून विकता का माल?" व्याही.

"गल्ल्यात आधी काही यायला तर पाहिजे ना, भाऊ!"

"येतंय की! यायच्या आधीच मागच्या दारानं जातंय! या लांबट्याला बसवा तुमच्या दुकानावर, महिन्यात लुंग्या विकायची पाळी येईल."

"लुंगी का मार्जिन अच्छा है, भाऊ."

यावर व्याह्यांचं तोंड असं व्हायचं की मी पाण्याची बाटली पुढे करायचे. पण एका गोष्टीवर दोघांचं जमायचं, ती म्हणजे कोच. साईं म्हणायचे कोचला स्कोअर करवून घेता येत नाही, व्याही म्हणायचे राखण करवून घेता येत नाही, आणि आजूबाजूचे दहा-वीस जण मान डोलवायचे. संघ हरत गेला तशी ती मान जोरात डोलायला लागली. शेवटी क्लबाच्या कमिटीनं मंगेशला बोलावून सांगितलं, अंबरनाथशी मॅच आहे ती हरलात तर दुसरा कोच बघू. मंगेश घरी आला आणि जेवला नाही. मी आई आहे, मला कळतं. या मुलानं कंपनीच्या कामातून उरलेला सगळा वेळ त्या मैदानात घातला होता. पहाटे जाऊन स्वतः झाडायचा. त्याला दुसरं व्यसन नाही, हौस नाही. ते काढून घेतलं तर हा संध्याकाळी करणार काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो सगळा व्याह्यांवर. म्हटलं, बाहेरचे बोलले असते तर बोलू दिलं असतं. पण त्यांना बोलायला शिकवलं कुणी?

नेमका तो अधिक महिना. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. व्याह्यांनी आम्हां सगळ्यांना बोलावलं. बायको नाही म्हणून रीत सोडतील असे ते नव्हेत. धोंडे सूनबाईनं आदल्या दिवशी जाऊन केले, पण अनारसे? ते म्हणाले मी करणार. आता अनारसा हा पदार्थ रागीट माणसाच्या वाट्याला येऊ नये. पीठ जरा बिघडलं, तूप जरा जास्त तापलं, की अनारसा कढईत फिस्कटतो, जाळी जाळी होऊन पसरतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. मी पोचले तर आतून आवाज येत होता, "हस! तूही हस! सगळं गाव हसतंय, तू का मागं राहतोस?" स्वयंपाकघरात बघते तो कढईत अनारसा हसतोय आणि हे झारा घेऊन त्याच्यावर ओरडतायत. मी झारा काढून घेतला, गॅस बारीक केला. "व्याही, राखण करा जरा तुपाची," म्हटलं. रागात असूनही म्हटलं. 

मंगेशचे पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं. जेवण मुकाट्यानं झालं. वाणाचं तांब्याचं ताट पुढे ठेवलं, त्यात दिवा आणि अनारसे. व्याह्यांनी हात मागे बांधले होते, पण राहवलं नाही. त्यांनी पाच अनारसे उचलून पाटासमोर मांडले. पुढे दोन, मागे तीन. मग एक सुपारी घेतली आणि त्यांच्या मधून सरळ नेऊन दिव्याला टेकवली. बोलले काही नाहीत, पाटावरच्या जावयाला बोलायचं नाही ना! मंगेशनं मागचा अनारसा जरा डावीकडे सरकवला. यांनी सुपारी उजवीकडून नेली. त्यानं पुढचा मागे घेतला. यांनी सुपारी वरून नेली, उडवत. पाच मिनिटं दोन मोठी माणसं श्वास रोखून अनारसे सरकवत होती. शेवटी सूनबाईनं मधला अनारसा उचलला आणि खाऊन टाकला. "दमला होता," म्हणाली. मी हसले. मंगेश हसला नाही.

"बाबा," तो म्हणाला, "वाण मला नको."

व्याही चपापले. जावयानं वाण नाकारणं म्हणजे केवढी गोष्ट. जुन्या काळी जावई रुसून बसत, घड्याळ मागत, सायकल मागत, आणि अधिकातल्या जावयानं मागितलेलं नाकारता येत नाही. ते हात जोडून म्हणाले, "आपल्याला काय हवं ते मागा. घर मागितलंत तरी देतो."

"तुमचा आवाज द्या," मंगेश म्हणाला. "मैदानात पाऊल ठेवलंत की तोंड उघडायचं नाही. हेच माझं वाण."

 मला, खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.  व्याह्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, ताम्हनात सोडलं आणि म्हणाले, "दिलं."

अंबरनाथच्या मॅचला ते आले. तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आले, वरच्या पायरीवर बसले आणि तोंडात सुपारी धरली. साईंनी विचारलं, "भाऊ, तब्येत?" यांनी मान हलवली. मॅच सुरू झाली आणि काय सांगू, आमची पोरं आंधळ्यासारखी खेळायला लागली. समोरचा उंच पोरगा मागून यायचा, चेंडू घ्यायचा, टाकायचा. कुणाला पत्ताच नाही. लांबट्या दर वेळी वर पायरीकडे बघायचा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राखण करताना एकमेकांना आवाज द्यायचा असतो. मागून आला, बाजूनं आला, तू धर, मी जातो. आमची पोरं आवाज द्यायला कधी शिकलीच नव्हती, कारण आवाज वरून येत होता! हे त्या दिवशी मंगेशलाही कळलं असावं. त्यानं टाइमआउट घेतला, पोरांकडे न जाता पायऱ्या चढून आला. चेहरा रडवेला. "बाबा, बोला. वाण मी परत देतो." यांनी हात जोडले आणि मान हलवली. दिलेलं दान परत घेत नाहीत. मंगेश म्हणाला, "अहो, मी सांगतोय ना!" पुन्हा तेच, हात जोडलेले, ओठ घट्ट. असा संताप आला मला त्या म्हाताऱ्याचा! इकडे माझ्या पोराचं सगळं बुडतंय आणि हे धर्मराज होऊन बसलेत.

मग खेळ सुरू झाला आणि त्यांचा हात माझ्या दंडावर आला. दुसऱ्या हातानं ते खुणा करायला लागले. इकडून, इकडून! मी उठले. मी, जिनं आयुष्यात रिक्षावाल्यालाही ओरडून हाक मारली नाही, ती उभी राहून ओरडले, "डावीकडून आला रे!" पोरं नेमकी उलट्या बाजूला पळाली. माझं डावं ते त्यांचं उजवं, हे कुणाला सुचणार? व्याह्यांनी कपाळावर हात मारला. मैदानाच्या एका अंगाला उसाच्या रसाची गाडी, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. पुढच्या वेळी मी ओरडले, "रसाकडून आला! टाकीकडचा मोकळा आहे, टाकीकडचा!" आणि लांबट्यानं वळून धरला की हो त्याला! मग काय, खुणा त्यांच्या, घसा माझा. साईंसुद्धा पॉइंट विसरून उभे राहिले, "रस की तरफ, रस की तरफ!" हरत हरत आलेली मॅच आम्ही ओढत बरोबरीला आणली. शेवटच्या क्षणी मात्र तो उंच पोरगा अगदी मधून, ना रसाकडून ना टाकीकडून, आमच्या झोनच्या बरोबर मधून गेला आणि एका बास्केटनं आम्ही हरलो. मधून आला हे कसं ओरडायचं, ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं मैदानातच, पायऱ्यांवर, मीटिंग घेतली. आम्हीही गेलो. एकजण, नाव कशाला घेऊ, मंगेशच्या देखत म्हणाला, "याला काय कळतं? घरी बसवा याला." व्याही ताडकन उठले. बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मैदान! मग त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत फाटकाबाहेर नेलं. मागोमाग सगळी मीटिंग. रसाच्या गाडीपाशी पोचल्यावर दोन दिवसांचा कोंडलेला आवाज सुटला. "याला नाही, यांना म्हणायचं! जावई आहेत ते माझे! झोन चूक आहे. शंभरदा चूक आहे. ते गाढव आहेत हे मी दोन वर्षं सांगतोय, मला तुमच्याकडून कळायला नकोय! पण पहाटे मैदान झाडायला तुमच्यातला कोण येतो? लांबट्याच्या बापाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण बसलं? राखण चुकते ती शिकवता येते. राखणदार घालवून शेत राखलेलं मी कुठं पाहिलं नाही!" साईंनी डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणाले, "भाऊ सही बोलता है." रसवाल्यानं चरक थांबवला होता. मला वाटलं, झालं, वाचला माझा मंगेश.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "आजोबा, भावना समजतात. पण कल्याणच्या सरांशी बोलणं झालंय कालच." म्हणजे मॅच संपली त्याच संध्याकाळी ठरलं होतं! मीटिंग आपली नुसती, हळदीकुंकवाला बोलवावं तशी, मान म्हणून. मी त्या अध्यक्षांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आजही ते रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जात नाही, मुद्दाम समोरून जाते, म्हणजे त्यांना जावं लागतं.

कल्याणचे सर आले. शिकलेले आहेत, सर्टिफिकेट आहे, आणि आल्या आल्या त्यांनी झोन बंद केला. माणूस धरायला लावला. पोरं एकमेकांना आवाज द्यायला शिकली. संघ जिंकतोय. गावभर बोलतात, काय राखण झालीय! राखण हाच शब्द वापरतात, तो कुणाचा ते कुणाला ठाऊक नाही. व्याह्यांचा म्हणजे सगळा विजयच झाला म्हणायचा. ते एकदा जाऊन आले आणि पुन्हा गेले नाहीत. मी विचारलं, आता काय खुपतंय? तर म्हणाले, "चांगलं चाललंय, विहीणबाई. पण त्या परक्या माणसाला मी 'आपण गाढव आहात' कसं म्हणू? त्याला नातं लागतं."

आता ते संध्याकाळी आमच्याकडे येतात. मंगेश कंपनीतून येतो, दोघे गॅलरीत बसतात. फारसं बोलत नाहीत, पण बसतात. आणि एक गोष्ट मला भिववते. व्याही गोड बोलायला लागलेत. दूधवाला उशिरा आला तर म्हणतात, असेल बिचाऱ्याला काही काम. परवा सूनबाईनं गडबडीत यांच्या चहात साखर घातली, डायबेटिस आहे यांना, एरवी कप भिंतीवर गेला असता. प्यायले. छान झालाय म्हणाले. मला बघवेना. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, कुरापत काढली.

"काहीही म्हणा, व्याही," मी म्हटलं, "आपल्या पोरांना झोनच बरा होता."

मंगेशनं मान वर केली. सूनबाई दारात थांबली. आम्ही तिघंही वाट बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, तोंड पुसलं.

"असेलही, विहीणबाई," ते म्हणाले.